लेखाखाली प्रश्न नसतात, सर



सर, लातूरला तुमच्या क्लाससमोरच्या चौकात लावलेला फ्लेक्स मी गेल्या दिवाळीत पाहिला. वर कोट घातलेला तुमचा मोठा फोटो, खाली चोवीस मुलामुलींचे पासपोर्ट फोटो, प्रत्येकाच्या छातीवर लाल गोलात एक आकडा. ६.५, ७, ६.५, ७.५. आणि तळाशी जाड अक्षरांत 'लातूर पॅटर्न आता आयेल्ट्समध्येही!' तिसऱ्या ओळीतला डावीकडून दुसरा मुलगा मी ओळखला. त्याच्यासाठी हे पत्र लिहितेय. चारचौघांत लिहितेय, कारण फ्लेक्सवरून आपला फोटो काढा म्हणून त्याने तुम्हाला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा तुम्ही मीटिंगमध्ये होतात.

मी मूळची बार्शीची. इंग्रजी घेऊन एम. ए. केलं, चार वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं, लग्नानंतर इंग्लंडला आले. गेली अकरा वर्षं उत्तरेकडच्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना निबंध, अहवाल, प्रबंध कसे लिहायचे ते शिकवते. माझ्या खोलीचं दार वाजवणारा विद्यार्थी बहुतेक वेळा एखाद्या विषयात नापास होऊन आलेला असतो. तुमच्या फ्लेक्सवर हसणारी पोरं मला अशी वर्षभराने भेटतात.

हा मुलगा बीएचएमएस. दोन वर्षं ग्रामीण भागात काम करून २०२३ च्या सप्टेंबरात सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला आला. औशाजवळची दोन एकर जमीन आणि राहतं घर तारण ठेवून कर्ज काढलेलं. नोव्हेंबरात पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा मी त्याचा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मागितला. ऐकण्यात ७.५, वाचनात ६, लेखनात ५.५, बोलण्यात ६. बेरीज २५, भागिले चार, सरासरी ६.२५. नियमाप्रमाणे पाव बँड वर सरकतो आणि होतो ६.५. आमच्या विद्यापीठाची अट एकूण ६.५ आणि कुठलाही बँड ५.५ च्या खाली नको, एवढीच. तो काठावर आत आला.

आता त्याचा अभ्यासक्रम बघा. मास्टर्सचे १८० श्रेयांक, आणि त्यातले जवळजवळ सगळे लिहून मिळवायचे. तीन-तीन हजार शब्दांचे निबंध, अहवाल, शेवटी प्रबंध. म्हणजे ज्या एका गोष्टीत त्याला साडेपाच होते, त्याच गोष्टीवर त्याचं वर्ष उभं होतं. तुम्ही त्याच्या छातीवर साडेसहा छापलेत. साडेपाचही त्या लाल गोलात मावला असता, सर.

हे तुम्हाला माहीत नव्हतं असं तुम्ही म्हणू शकत नाही. आयेल्ट्स चालवणाऱ्यांनी विद्यापीठांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत एक तक्ता आहे. वैद्यक, कायदा, पत्रकारिता असे भाषेचा कस लागणारे अभ्यासक्रम एका रकान्यात. शेती, शुद्ध गणित, तंत्रज्ञान, संगणक दुसऱ्या रकान्यात. पहिल्या रकान्यात साडेसातपासून पुढे चालेल असं म्हटलंय, सातला बहुधा चालेल, आणि ६.५ च्या समोर लिहिलंय की आणखी इंग्रजी शिकण्याची गरज आहे. ही गोष्ट परीक्षा घेणारेच छापून सांगतात. तुम्ही ही परीक्षा पंधरा वर्षं शिकवताय. हा तक्ता तुमच्या क्लासच्या एकाही भिंतीवर नाही, आणि माझ्यासमोर बसलेल्या त्या मुलाने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याच्या मते तो पास झाला होता. आयेल्ट्समध्ये पास-नापास नसतं, हे त्याला मी सांगितलं.

त्या दिवशी माझ्या टेबलावर एक शोधलेख होता, अठरा पानांचा. झोपडपट्टीतलं पाणी आणि अतिसार असा विषय. म्हटलं, पहिली दोन पानं वाच आणि काय म्हटलंय ते सांग. त्याने पेन्सिल काढली आणि झरझर शब्दांना गोल करायला लागला. आकडे, गावांची नावं, वर्षं. चार मिनिटांत दोन्ही पानं गोलांनी भरली. मग माझ्याकडे बघत बसला. कशाची वाट बघतोयस, असं विचारलं तर म्हणाला, "ताई, प्रश्न?"

लेखाखाली प्रश्न नव्हते, सर.

मग त्याने सांगितलं. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं की उतारा वाचायचा नाही. आधी प्रश्न वाचायचे, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आसपासची ओळ उचलायची. तीन उतारे, चाळीस प्रश्न, साठ मिनिटं. सगळं वाचत बसलात तर वेळ संपेल. परीक्षेपुरतं हे बरोबर आहे, मला मान्य आहे. पण वाचनाच्या नावाखाली तुम्ही त्याला न वाचण्याची सवय लावलीत, आणि चार महिने रोज घोटून लावलीत. आमच्याकडे आठवड्याला शंभर-दीडशे पानं वाचायची असतात. लेखकाचं म्हणणं काय, ते कशाच्या आधारावर, आपल्याला ते पटतं का, हे प्रश्न विद्यार्थ्यानेच काढायचे असतात. "वाचालोय ताई, पण डोक्यात काहीच बसंना," असं तो म्हणाला तेव्हा तो आपल्या डोक्याला दोष देत होता.

डोकं चांगलंच होतं. मी त्याला एक साधी गोष्ट करायला लावली. तोच लेख घरी सावकाश वाच, शब्द अडला तर अडू दे, आणि उद्या येऊन मला मराठीत सांग. दुसऱ्या दिवशी तो पंधरा मिनिटं न थांबता बोलला. लेखिकेने घरं कशी निवडली, उन्हाळ्यातल्या पाहणीवरून पावसाळ्याबद्दल बोलणं कसं चुकीचं आहे, हातपंपाचं पाणी आणि टँकरचं पाणी एकाच रकान्यात का घालू नये. ही चिकित्सा होती. त्याच्या पहिल्या निबंधावर प्राध्यापकांनी शेरा मारला होता की सगळं वर्णन आहे, चिकित्सक विश्लेषण नाही. विश्लेषण त्याच्याकडे होतं. ते इंग्रजीत कागदावर उतरवायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायचे पैसे तुम्ही घेतले होते.

सेमिनारची एक गोष्ट सांगते; मी त्या दिवशी मागे बसले होते. विषय डेंगी. लातूरला नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघरी पिंपं, हौद, रांजण भरून ठेवतात आणि त्यातच डासांच्या अळ्या होतात, हे या मुलाने लहानपणापासून पाहिलेलं. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलात, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे नोकरीत त्याने आशाताईंबरोबर घरोघर फिरून पिंपांची पाहणी केली होती, अळ्या मारायचं अॅबेट टाकलं होतं, हौदात गप्पी मासे सोडले होते, आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा म्हणून बायकांना विनवलं होतं आणि 'पाणी ओतून देऊ मग प्यायचं काय' हे त्यांचं उत्तरही ऐकलं होतं. वर्गातल्या वीस जणांत डेंगीशी प्रत्यक्ष झुंजलेला तो एकटा होता. पन्नास मिनिटांत तो एक शब्द बोलला नाही. दोनदा त्याने तोंड उघडलेलं मी पाहिलं. वाक्य जुळेपर्यंत चर्चा पुढे गेली.

बोलण्याच्या परीक्षेसाठी तुम्ही त्याच्याकडून 'मला आदर वाटणारी व्यक्ती' पाठ करून घेतली होती. अब्दुल कलाम. तुमच्या क्लासमधून आलेल्या तिघांची उत्तरं मी ऐकली. तिघांचेही अब्दुल कलाम, त्याच क्रमाने, त्याच विशेषणांनी. ती परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते, परीक्षक एक असतो आणि वेळ संपल्याशिवाय तो सहसा तोडत नाही. सेमिनारमध्ये वीस जण असतात आणि सगळे तोडतात.

लेखनाचं तर याहून वाईट. तुमचा साचा मला आता तोंडपाठ झालाय. 'इट इज अ हॉटली डिबेटेड टॉपिक' हे पहिलं वाक्य, मग 'ऑन द वन हँड', मग 'ऑन द अदर हँड', शेवटी 'इन अ नटशेल'. रिकाम्या जागी विषय भरायचा. आयेल्ट्सचा मोठा निबंध किमान अडीचशे शब्दांचा, आणि तो स्वतःच्या माहितीवर, अनुभवावर लिहायचा असतो. हाताशी एकही पुस्तक नसतं. विद्यापीठातलं लेखन याच्या अगदी उलट. तिथे प्रत्येक विधान कुणाचं ते सांगावं लागतं, आणि दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडावं लागतं. 'आपल्या शब्दांत' म्हणजे काय, याबद्दल तुम्ही त्याला जे शिकवलं होतं त्याने त्याचा घात केला. शब्दसंपत्तीला वेगळे गुण असतात म्हणून तुम्ही त्याला समानार्थी शब्दांची बारा पानी झेरॉक्स दिली होती. 'इम्पॉर्टंट'च्या जागी 'क्रूशल', 'शो'च्या जागी 'डेमॉन्स्ट्रेट'. जानेवारीतल्या निबंधात त्याने तेच केलं. एका लेखातले सहा परिच्छेद घेतले, प्रत्येक वाक्यातले चार-पाच शब्द बदलले आणि दिला निबंध. फेब्रुवारीत त्याला वाङ्मयचौर्याच्या चौकशीचं पत्र आलं.

ते पत्र घेऊन तो आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. "ताई, मी कॉपी नाही केली. शब्द बदललेत की सगळे." त्याला खरोखरच तसं वाटत होतं. चौकशी समितीपुढे त्याने हेच सांगितलं, आणि समितीने कबुली म्हणून लिहून घेतलं. त्या विषयात शून्य, पुन्हा लिहायची संधी एकदाच, आणि पुन्हा लिहून कितीही चांगलं उतरलं तरी गुण पन्नासच्या वर नाहीत. आईला त्याने फोनवर सांगितलं की निकाल उशिरा आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही बनवाबनवी करत नाही. मान्य आहे. बनवाबनवी कशी असते ते जगाने पाहिलंय. २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसीच्या 'पॅनोरामा'ने दाखवलं की लंडनमध्ये विद्यार्थ्यांच्या जागी दुसरीच माणसं बसून टोइक ही इंग्रजीची परीक्षा देत होती. मग सरकारने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यांत अनेक निर्दोष होते आणि त्यांची वर्षंच्या वर्षं कोर्टांत गेली. २०२२ मध्ये मेहसाण्याकडचे काही तरुण कॅनडातून नदीमार्गे अमेरिकेत शिरताना बोट बुडून पकडले गेले. आयेल्ट्सचे चांगले बँड हातात असूनही अमेरिकन न्यायाधीशापुढे त्यांना इंग्रजीत उत्तर देता येईना, दुभाषी लागला, आणि इकडे गुजरातेत पोलीस तपास सुरू झाला. अशा लोकांसाठी पोलीस आहेत. तुमच्यासाठी नाहीत. माझ्या विद्यार्थ्याचे बँड खरे आहेत, परीक्षा त्यानेच दिली, तुमची पावतीही रीतसर आहे. तुमच्याविरुद्ध तक्रार घेऊन त्याने कुठे जायचं? म्हणून मी लिहितेय.

बँड आणि विद्यापीठातलं यश यांचा संबंध किती, यावर गेली तीस-चाळीस वर्षं अभ्यास होतायत. १९९८ मध्ये टास्मानिया विद्यापीठातल्या फिओना कॉटन आणि फ्रँक कॉन्रो यांना एकूण बँड आणि गुण यांच्यात पक्की जोड सापडली नाही. त्यातल्या त्यात वाचनाचा बँड काहीतरी सांगून जात होता. पुढच्या अनेक अभ्यासांतही असाच सैल संबंध दिसतो. याचा अर्थ इंग्रजीने फरक पडत नाही असा मुळीच नाही. ज्याचं इंग्रजी फार कच्चं त्याला दारातच अडवतात, म्हणून गुणांच्या यादीत तो येतच नाही. आणि जे आत येतात त्यांचं पुढे काय होतं ते विषयाची जाण, पैशाची चिंता, घरची आठवण, वाचायची सवय, मदत मागायची हिंमत यांवर ठरतं. आकडा फक्त एवढंच सांगतो की अमुक दिवशी हा माणूस इतकं इंग्रजी वापरू शकत होता. तो दिवसही तुमच्या साच्यांच्या कुबड्यांवर उभा केलेला असेल, तर आकडा तेवढंही सांगत नाही.

'लातूर पॅटर्न' हे शब्द तुम्ही वापरलेत त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. माझी दोन मावसभावंडं त्या पॅटर्नमधून डॉक्टर झाली. मुलं पहाटे उठून भौतिकशास्त्राची शेकडो गणितं सोडवायची, आणि शेवटी त्यांना भौतिकशास्त्र येत असायचं. सराव आणि विषय एकच होते. तुमच्या क्लासमध्ये मुलगा शंभर निबंध लिहितो आणि त्याला निबंध लिहिता येत नाही. खेड्यापाड्यातल्या पोरांनी आणि त्यांच्या मास्तरांनी कष्टाने कमावलेलं नाव तुम्ही एका फ्लेक्ससाठी उचललंत.

आणि पैशाचं बोलू या. क्लासची फी वेगळी, आणि क्लासच्याच वरच्या मजल्यावर तुमचं परदेशी शिक्षणाचं ऑफिस. प्रवेश पक्का झाला की विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाच्या फीतला काही टक्के वाटा विद्यापीठ एजंटला देतं. ही पद्धत इकडे सर्रास आहे. म्हणजे 'बाळ, तुझं लेखन साडेपाचचं आहे, सहा महिने थांब' असं त्या पोराला सांगायला हवं होतं तो माणूस, आणि तो सप्टेंबरातच गेला तर ज्याला पैसे मिळणार होते तो माणूस, एकच होता. 'विदाउट आयेल्ट्स' अशीही पाटी तुमच्या जिन्यात आहे. बारावीला इंग्रजीत सत्तर-पंचाहत्तर टक्के असले की इकडची बरीच विद्यापीठं परीक्षा माफ करतात हे खरंय. पण ती पाटी वाचणाऱ्या पोराला वाटतं की माफी इंग्रजीलाच आहे.

माझं विद्यापीठ यात निर्दोष नाही. इथल्या मुलांच्या पदवीच्या फीवर सरकारची मर्यादा आहे, परदेशी मुलांच्या फीवर नाही, अट ६.५ वरच का राहते याचं उत्तर त्यातच आहे. हे मी त्यांना त्यांच्या भाषेत, सही करून, दोनदा लिहून दिलंय. तुम्हाला तुमच्या भाषेत देतेय.

तुमच्याकडून मला काय हवंय तेही सांगते. प्रत्येक मुलाचे चारही बँड त्याच्या आईवडिलांसमोर बसून वाचून दाखवा, नुसती सरासरी नको. तो तक्ता भिंतीवर लावा. परीक्षा झाली आणि जायला चार-पाच महिने उरले, की पोराला मोकळं सोडू नका. त्याच्या विषयातला एक लेख आठवड्याला द्या, तो मराठीत सांगायला लावा, मग इंग्रजीत एक पान लिहायला लावा, आणि कुठलं वाक्य कुणाचं ते प्रत्येक ओळीपाशी विचारा. तुमच्याकडे इंग्रजीचे चार शिक्षक आहेत. त्यांतली एक माझ्या बार्शीच्या कॉलेजात माझ्याबरोबर होती. तिला हे शिकवता येतं, मला माहीत आहे; तुम्ही तिला साचे तपासायला बसवलंय.

त्या मुलाने पुढे खूप कष्ट केले. आठवड्यातून दोनदा माझ्याकडे यायचा, शनिवार-रविवार रात्री गोदामात खोकी भरायचा आणि सोमवारी लाल डोळ्यांनी वर्गात बसायचा. दुसऱ्यांदा लिहिलेल्या निबंधात तो पास झाला. शेवटचे दोन निबंध तर चांगले होते. एकात लातूरच्या पिंपांवर दीड पान होतं आणि प्राध्यापकांनी समासात लिहिलं होतं की हे मला माहीत नव्हतं. पण तोवर ऑगस्ट आला होता. पुन्हा लिहायच्या निबंधात प्रबंधाचे महिने गेले, मुदतवाढीला नवी फी होती आणि फीला पैसे नव्हते. १८० पैकी १२० श्रेयांक घेऊन, मास्टर्सऐवजी डिप्लोमा घेऊन तो परतला. त्याला आणखी सहा महिने मिळाले असते तर तो प्रबंध झाला असता. ते सहा महिने त्याच्याकडे होते, सर. निघायच्या आधी होते.

आता तो लातूरलाच एका खासगी दवाखान्यात आरएमओ आहे. पगारातला अर्ध्याहून जास्त भाग हप्त्यात जातो. रात्रपाळी असली की संध्याकाळी तुमच्या चौकातूनच जावं लागतं, दुसरा रस्ता लांबचा आहे. त्या चौकात तो तोंडाला रुमाल बांधतो आणि चौक ओलांडला की सोडतो.

त्याचा फोटो तिसऱ्या ओळीत आहे, डावीकडून दुसरा. येत्या बुधवारी माझा भाऊ बार्शीहून लातूरला जाणार आहे. चौकात थांबून फ्लेक्स बघून ये, असं मी त्याला सांगितलंय.

— बार्शीची एक शिक्षिका